गुडघे आणि निफाडची थंडी

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, मणी तडकू नयेत म्हणून. त्याच वेळी आई पलंगावर बसून गुडघे चोळत असते.

सांध्यातलं वंगण गारठ्यानं घट्ट होतं, भोवतीचे स्नायू आखडतात. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे खोबरेल थिजतं तसं का गं?" साधारण तसंच.

मागच्या डिसेंबरात मी चुकले. "तू बस, मी आणते" म्हणत तिला उठूच दिलं नाही. महिनाभरात उंबरा ओलांडायलाही तिला चौकट धरावी लागू लागली. मांडीचे स्नायू सैलावले की सगळा भार गुडघ्यावर येतो. आता अंथरुणातच पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्यानं खाली दाबायची, पाच आकडे मोजून सोडायची. दहादा, दोन्ही पायांनी. मगच जमिनीवर पाऊल.

तव्यावर ओवा आणि जाडं मीठ तापवून सुती फडक्यात पुरचुंडी. शेक पंधरा-वीस मिनिटं, त्याहून जास्त नको. आधी माझ्या मनगटाला लावून बघते, कारण मधुमेहानं तिच्या पायांची जाणीव कमी झालीय. सांधा लाल, सुजलेला, गरम असेल तर शेक नाहीच, डॉक्टर.

आईचं आखडणं अर्ध्या तासात मोकळं होतं. शेजारच्या काकूंची दोन्ही हातांची बोटं मात्र तास उलटला तरी मिटेनात. ही नुसती झीज वाटत नाही, आमवात असू शकतो. आज त्यांना आग्रहानं संधिवाताच्या डॉक्टरांकडे धाडलं; यात उशीर झाला तर बोटं कायमची वाकडी होऊ शकतात.

मेडिकलमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी आता घरात नाही. आईला रक्तदाब आहे, त्या गोळ्या तो वाढवतात आणि मूत्रपिंडालाही जड जातात. वरून चोळायचं मलम डॉक्टरांनी दिलंय.

मेथीचे लाडू तिनं केलेच. रोज अर्धाच खायचा, असं ठरलंय. साखरेसाठी आणि वजनासाठीही: एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

ऊन नऊला ओट्यावर येतं. काल लोकरी मोजे घालून ती बांधापर्यंत एकटी चालत गेली. शेकोटीची राख अजून कोमट होती म्हणाली, तिथं जरा थांबले.