हेन्री स्ट्रीटखालची वाट

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात ॲमहर्स्ट हे महाविद्यालयांचे शांत गाव वसले आहे. कवयित्री एमिली डिकिन्सन हिचे घर पाहण्यासाठी तेथे दूरदूरचे प्रवासी येतात. त्याच गावात हेन्री स्ट्रीट नावाचा एक साधा रस्ता आहे. त्याच्या खाली १९८७ मध्ये दोन चिमुकले बोगदे बांधण्यात आले. ते माणसांसाठी नाहीत. ठिपकेदार सॅलॅमँडर या वनवासी जीवासाठी आहेत.

सॅलॅमँडर दिसतो पालीसारखा, परंतु तो बेडकाचा आप्त. भारतात तो केवळ पूर्व हिमालयात व ईशान्येकडील डोंगरांत आढळतो. ॲमहर्स्टच्या वनातील ही जात १५ ते २५ सेंटीमीटर लांबीची. काळसर अंगावर पिवळ्या ठिपक्यांच्या दोन ओळी. वर्षाचा बहुतेक काळ ती लहान प्राण्यांच्या बिळांत आणि ओल्या पालापाचोळ्याखाली काढते. त्यामुळे आपल्या घराशेजारी ती राहते, हेही अनेकांच्या ध्यानी येत नाही.

मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी बर्फ वितळू लागते आणि एखाद्या रात्री पहिला ऊबदार पाऊस पडतो. त्या रात्री सॅलॅमँडर बिळांतून बाहेर पडून तळ्याची वाट धरतात. हे तळे बारमाही नसते. वसंतात ते बर्फाच्या व पावसाच्या पाण्याने भरते आणि उन्हाळा सरता सरता आटते. ते आटते म्हणूनच त्यात मासे टिकत नाहीत, आणि मासे नसतात म्हणूनच अंडी व पिले वाचतात. तळ्याचे जे उणेपण वाटते, तेच त्यांचे संरक्षण ठरते.

नर बहुधा आधी पोहोचतात आणि तळाच्या पानांवर, काटक्यांवर शुक्राणूंच्या पांढुरक्या पुड्या ठेवतात. मादी त्या शरीरात घेते आणि पुढे पाण्यातील काटक्यांना अंड्यांचे जेलीसारखे गोळे चिकटवते. एका गोळ्यात शंभरावर अंडी असू शकतात. या अंड्यांत एक हिरवे शैवाल वाढते. ते गर्भाला प्राणवायू पुरवते आणि गर्भाच्या उत्सर्गावर स्वतः पोसते. हे शैवाल गर्भाच्या पेशींच्या आतही शिरते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले.

महिना-दोन महिन्यांत पिले बाहेर येतात. त्यांच्या मानेशी पिसांसारखे कल्ले असतात. येथून पाण्याशी शर्यत सुरू होते. तळे लवकर आटले तर त्या वर्षीची सारी पिढी नष्ट होते. पाणी पुरेसे टिकले तर कल्ले लोपतात, फुप्फुसे कामास लागतात आणि पिलू वनाकडे निघते. काही वर्षांनी प्रौढ झाल्यावर बहुतेक जीव त्याच तळ्याकडे परततात. आयुष्य वीस वर्षांचेही असू शकते. म्हणजे हा प्रवास कितीतरी वेळा करावा लागतो.

वन आणि तळे यांच्यामध्ये मात्र रस्ता आला. पावसाळी अंधारात संथ चालणारा हा जीव वाहनचालकाला दिसत नाही. म्हणून बोगदे बांधले गेले. रस्त्याकडेच्या बुटक्या कुंपणांमुळे सॅलॅमँडर त्यांच्या तोंडापाशी पोहोचतात. बोगद्यांच्या छतावरील फटींतून पाऊस व प्रकाश आत येतो. कारण कोरड्या, काळोख्या वाटेत शिरण्यास हे जीव कचरतात.

तरीही काही जण रस्त्यावर येतातच. अशा रात्री गावातील स्वयंसेवक विजेऱ्या घेऊन उभे राहतात. त्या नाजूक त्वचेला साबण वा मलम अपाय करते, म्हणून स्वच्छ, ओल्या हातांनी ते सॅलॅमँडरला उचलतात आणि तो ज्या दिशेने निघाला होता, त्याच बाजूला सोडतात.

उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे गेल्यास पानांनी भरलेला एक कोरडा खड्डा तेवढा दिसतो. तो बुजवून टाकावा, असे कोणालाही सहज वाटेल. त्याची राखण करावी लागते ती याच दिवसांत.