कोव्हेंट्री ते कल्याण-शीळ रस्ता: छोट्या स्पोर्ट्स कारच्या दीर्घायुष्याची गोष्ट

१/ १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा प्रारंभ झाला. मुख्यमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत इंग्लंडमध्ये दोन छोट्या, उघड्या, दोन आसनी गाड्या बाजारात आल्या: एमजीबी आणि ट्रायम्फ स्पिटफायर. तेव्हा या घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. तो पुढे तीस वर्षांनी, डोंबिवलीजवळ जुळून आला.

२/ आधी एक साधा प्रश्न. या गाड्या फार वेगवान नव्हत्या. पहिल्या स्पिटफायरचे इंजिन ११४७ सीसीचे, ताकद ६३ अश्वशक्ती. आजची साधी कुटुंबवत्सल हॅचबॅक तिला सहज मागे टाकते. कापडी टपातून पाऊस आत येई, सामानाला जागा बेताची. तरीही साठ वर्षांनंतर लोक त्या जिवापाड जपतात. असे का?

३/ पहिले कारण शरीराला कळणारे आहे. स्पिटफायरचे वजन जेमतेम ७०० किलो. चालक जमिनीपासून वीतभर उंचीवर बसल्यासारखा बसतो, डोक्यावर छप्पर नाही, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा स्टीअरिंगमधून हाताला जाणवतो. अशा गाडीत ताशी ६० किलोमीटरचा वेगही शंभरासारखा भासतो. वेगाचा आनंद इथे कायद्याच्या मर्यादेत आणि मध्यमवर्गाच्या खिशात बसत असे.

४/ दुसरे कारण इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. या गाड्या राजेशाही नव्हत्या. त्यांचा जन्म साध्या घरगुती गाड्यांच्या सुट्या भागांतून झाला. स्पिटफायर उभी राहिली ती ट्रायम्फ हेरल्डच्या जिवावर: तिचीच चासी आखूड करून, तिचेच पुढचे सस्पेन्शन, तिच्याच कुळातले इंजिन. दोन्हींचे देखणे रूप इटालियन आरेखक जोव्हानी मिकेलोत्ती यांचे.

५/ ही गाडी जन्मण्यापूर्वीच संपली असती. पैशाअभावी तिचा नमुना कोव्हेंट्रीच्या कारखान्यात एका कोपऱ्यात कापडाखाली झाकून पडला होता. १९६१ मध्ये लेलँडने कंपनी ताब्यात घेतली. नवे अधिकारी कारखान्याची पाहणी करताना त्यांनी ते कापड उचलले आणि गाडीला मंजुरी मिळाली. १९८० पर्यंत सुमारे ३ लाख १४ हजार स्पिटफायर तयार झाल्या.

६/ आता भारताकडे वळू. तीच हेरल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये ‘स्टँडर्ड हेरल्ड’ नावाने तयार होऊ लागली. एमजीबीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले, आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिनही त्याच मालिकेतले. म्हणजे ज्या हाडामांसावर इंग्लंडमध्ये स्पोर्ट्स कार घडत होती, ते भारतीय रस्त्यांवर रोज धावत होते. स्पोर्ट्स कार तेवढी नव्हती.

७/ कारण धोरणात होते. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने ठरवले की, देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करणाऱ्यांनाच परवानगी मिळेल. आयात भाग नुसते जोडणाऱ्यांना नाही. शिवडीत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये परतली. प्रवासी मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीन घरे उरली: कलकत्त्याजवळ हिंदुस्तान, मद्रासला स्टँडर्ड आणि कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांची प्रीमियर. जिथे साध्या मोटारीसाठीही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तिथे दोन आसनी चैनीची गाडी कोण बनवणार?

८/ मात्र या टंचाईने एक गोष्ट घडवली: दुरुस्तीची संस्कृती. ‘डुक्कर फियाट’ असो वा हेरल्ड, पाना आणि हातोडी घेऊन ती खोलता येई. हेरल्डचे संपूर्ण बॉनेट पुढे उलटत असे. मिस्त्री चक्क पुढच्या टायरवर बसून इंजिनात हात घालू शके. स्पिटफायरलाही तेच बॉनेट लाभले. मालकाला आपली गाडी आतून बाहेरून ओळखता येणे, हा या साऱ्या पिढीचा गुण होता. मोहिनीचे मूळ बहुधा इथेच आहे.

९/ दोष नव्हते असे नाही. हेरल्डकडून आलेल्या मागील अ‍ॅक्सलच्या रचनेमुळे जोरात वळण घेतले की, स्पिटफायरची मागची चाके आत दुमडू पाहत. १९७० च्या सुमारास ही रचना सुधारली. पण जे दोष दिसतात, समजतात आणि दुरुस्त करता येतात, ते माणूस प्रेमाने सांभाळतो. जुन्या गाडीच्या मालकाला तिच्या खोड्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खोड्यांसारख्या पाठ असतात.

१०/ १९८० मध्ये दोन्ही गाड्यांचा शेवट झाला. ऑगस्टमध्ये कोव्हेंट्रीतील स्पिटफायरचे उत्पादन थांबले, ऑक्टोबरमध्ये अ‍ॅबिंग्डन येथील एमजीचा कारखाना बंद पडला. तोपर्यंत ५ लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या होत्या. कामगार घरी गेले. प्रचलित नियमाप्रमाणे या गाड्यांनीही पुढच्या वीस वर्षांत भंगारात जायला हवे होते.

११/ तसे झाले नाही, कारण काही माणसांनी साचे मोडू दिले नाहीत. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ प्रेस-साचे शोधून १९८८ पासून एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे विकायला काढले. १९३० पासून चालत आलेल्या एमजी कार क्लबसारख्या संघटनांनी माहिती आणि माणसे जोडून ठेवली. कारखाना मेला, गाडीची दुरुस्ती करण्याची क्षमता मेली नाही.

१२/ आता कोव्हेंट्रीतील दुसऱ्या एका घराण्याकडे वळायला हवे, कारण डोंबिवलीची वाट तिथूनच फुटते. रूट्स समूहाने १९५९ मध्ये सनबीम अल्पाइन ही छोटी स्पोर्ट्स कार आणली. तिचाही पाया हिलमन या घरगुती गाडीचाच. १९६२ च्या ‘डॉ. नो’ या पहिल्या बाँडपटात जेम्स बाँड चालवतो ती हीच. पुढे रूट्स क्रायस्लरकडे गेली आणि १९७८ मध्ये क्रायस्लरचा युरोपीय व्यवसाय फ्रान्सच्या प्यूजोकडे.

१३/ रूट्सच्या वारसदारांचे आरेखन केंद्र कोव्हेंट्रीतील व्हिटली येथे होते. तिथे टॅल्बो नावासाठी आखलेली एक गाडी अखेर ‘प्यूजो ३०९’ म्हणून बाजारात आली. १९८५ पासून ती कोव्हेंट्रीजवळच्या रायटन कारखान्यात बनू लागली. ती स्पोर्ट्स कार नव्हती. चौकोनी, समजूतदार, पाच जणांची गाडी होती. पण तिचे माहेर तेच होते.

१४/ युरोपात ३०९ ची जागा ३०६ ने घेतली आणि १९९४ मध्ये ३०९ आपल्याकडे आली. प्रीमियर आणि प्यूजो यांच्या भागीदारीत तिचे उत्पादन प्रीमियरच्या कल्याण प्रकल्पात, डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर सुरू झाले. उदारीकरणानंतर भारतात आलेल्या पहिल्या परदेशी मोटारींपैकी ही एक. कोव्हेंट्रीत आखलेली गाडी डोंबिवलीच्या फिटर-वेल्डरांच्या हातून घडू लागली.

१५/ हा अध्याय तीन-चार वर्षांत आटोपला. कामगार-व्यवस्थापन संघर्षाने उत्पादन विस्कळीत झाले, बाजारात स्पर्धा वाढली आणि १९९७ मध्ये प्यूजोने भागीदारीतून अंग काढून घेतले. आज त्या परिसरात उंच निवासी इमारती उभ्या आहेत. ‘प्रीमियर कॉलनी’ आणि ‘प्रीमियर मैदान’ ही नावे तेवढी लोकांच्या तोंडी उरली आहेत. ती उच्चारणाऱ्या अनेकांना तिथे मोटारी बनत असत, याची कल्पनाही नसते.

१६/ कारखाने अ‍ॅबिंग्डनचेही बंद झाले आणि डोंबिवलीचेही. फरक नंतरच्या काळाचा आहे. एमजीबीचा दरवाजा, बॉनेट, अख्खा सांगाडा आजही नवा मागवता येतो. डोंबिवलीत बनलेल्या ३०९ साठी असे कुणी साचे जपल्याचे ऐकिवात नाही. काहींच्या मते एमजीबी सुंदर होती म्हणून टिकली. सौंदर्याने सुरुवात झाली हे खरे. पण चाळीस वर्षे कुणी ना कुणी सुटे भाग, रेखाचित्रे आणि हातातले कसब पुढच्या पिढीकडे सोपवत राहिले, म्हणून ती टिकली.

१७/ आपल्याकडे जुन्या गाड्यांना कायद्याने मान मिळाला तो २०२१ मध्ये. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. मद्रासच्या पहिल्या हेरल्डांनी ही मर्यादा केव्हाच ओलांडली. कल्याणच्या पहिल्या ३०९ ला त्यासाठी २०४४ साल उजाडावे लागेल. तोवर एक तरी मूळ रूपात उरेल का?

१८/ दैवगती अशी की, ज्या व्हिटलीत ३०९ आखली गेली, ती जागा पुढे जॅग्वारकडे गेली. तिथे आज जॅग्वार लँड रोव्हरचे मुख्यालय आहे आणि २००८ पासून त्या कंपनीची मालकी मुंबईच्या टाटांकडे आहे. कोव्हेंट्रीचा वारसा आता मराठी मुलखातून सांभाळला जातो. डोंबिवलीचा वारसा सांभाळायला मात्र अजून कुणी पुढे आलेले नाही.

१९/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी हे काम दूरचे नाही. प्रीमियरमध्ये राबलेले कामगार आज साठी-सत्तरीत असतील. त्यांच्या कपाटांत ओळखपत्रे, पगारपत्रके, युनियनची पत्रके, एखादा कारखान्यासमोरचा समूहफोटो असेल. कोणत्या पाळीत काय चाले, दरवाजा नीट बसावा म्हणून हाताने काय करावे लागे, हे त्यांनाच ठाऊक. या आठवणी ध्वनिमुद्रित करायला एक फोन आणि एक दुपार पुरते.

२०/ इंग्लंडमध्ये काही माणसांनी साचे राखले, म्हणून एमजीबीचे दार आजही नीट लागते. कल्याण-शीळ रस्त्यावरचे साचे आता मिळणार नाहीत. ते हाताळणारी माणसे अजून आहेत.

(धागा समाप्त)