घाई कशाची?

हाड कातडी फोडून बाहेर आलेला पेशंट सहा तासांच्या आत ओटीत घ्यायचाच, हे मला शिकवलं गेलं आणि पुढं कनिष्ठ डॉक्टरांनाही मी तेच शिकवत आलो. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत, भूलतज्ज्ञाला उठवायचं आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी जखम साफ करायला उभं राहायचं. निखळलेल्या सांध्याचं मात्र मला तेवढं वाटत नसे. रक्त नाही, हाड मोडलेलं नाही, सांधाच तर सरकलाय, बसवू निवांत.

आता माझं मत जवळजवळ उलटं झालं आहे.

सहा तासांचा आकडा मुळात प्राण्यांवरच्या प्रयोगातला. १८९८ साली फ्रीडरिश या जर्मन शल्यविशारदानं गिनीपिगच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरली. सहा तासांच्या आत जखमेच्या कडा कापून काढल्या तर जंतू पसरायला वाव मिळत नाही, असं त्याला दिसलं. प्रतिजैविकं तेव्हा जन्मालाही आली नव्हती. पुढं माणसांवरचे अभ्यास वाचत गेलो, तसं लक्षात आलं की जंतुसंसर्ग ठरतो तो मुख्यतः जखम किती चिरडली आहे यावर आणि प्रतिजैविक किती लवकर गेलं यावर. गुस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ मध्ये १,०२५ उघड्या फ्रॅक्चरचा अभ्यास छापला. त्यातूनच आलेली वर्गवारी आपण आजही वापरतो. ब्रिटनमधल्या आजच्या सूचना पहिलं प्रतिजैविक शक्यतो तासाभरात द्या म्हणतात, पण शस्त्रक्रियेला जोरदार आघाताच्या जखमेत बारा आणि बाकीच्यांत चोवीस तास देतात. शेणामातीनं किंवा गटाराच्या पाण्यानं माखलेली जखम मात्र लगेच, आणि रक्तपुरवठा तुटलेला पायही लगेच. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉलीखाली आलेला पाय म्हणूनच मी अजूनही रात्रीच घेतो.

एरवी मी कटकट करतो ती पहिल्या तासाबद्दल. इंजेक्शन गेलं का? धनुर्वाताचं? जखमेचा एक फोटो काढून वर सलाईननं भिजवलेलं गॉज ठेवलं का? (दर कुणी आला की पट्टी उघडून बघतो, ते थांबवायला हा फोटो.) पाय सरळ करून स्प्लिंट बांधला का, आणि त्याच्या आधी आणि नंतर नाडी पाहिली का? हळद, चहापूड, तंबाखू भरून आलेल्या जखमेवर नातेवाइकांना रागावणं मी सोडून दिलंय, वेळ जातो. साबणाच्या पाण्याचा आग्रहही सोडला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत साध्या सलाईनपेक्षा साबणानं धुतलेल्यांना पुन्हा शस्त्रक्रिया जास्त लागली होती.

आणि उघडं फ्रॅक्चर ओळखायचंच म्हणाल तर नडगीवर टाचणीएवढं भोक असतं, त्यातून काळपट रक्त झिरपतं, वर तेलाचे थेंब तरंगतात. ती हाडातली चरबी. ‘थोडं खरचटलंय’ म्हणून दोन टाके घालून पाठवलेल्या पेशंटमध्ये हे असतं.

घड्याळ खरं धावतं ते निखळलेल्या सांध्यात. खुब्याचा सांधा सहा तासांत जागेवर बसला नाही, तर मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताविना मरण्याचा धोका वाढत जातो. दहीहंडीत निखळलेला खांदा तिथंच ओढून बसवणारा एखादा उत्साही दादा असतोच. पण आधी दंडाच्या वरच्या बाजूला बाहेरून स्पर्श कळतो का ते पाहावं लागतं, कारण तिथली नस ताणलेली असू शकते, आणि सोबत फ्रॅक्चर नाही ना, हे एक्स-रेशिवाय कळत नाही.

मला सगळ्यात जास्त भीती गुडघ्याची वाटते. तो निखळतो आणि पुष्कळदा रस्त्यावरच आपोआप जागेवर येतो. एक्स-रे स्वच्छ, पेशंट म्हणतो ‘मुरगळलाय’. मागची धमनी फाटलेली असेल तर सहा-आठ तासांत रक्त परत यावं लागतं, नाहीतर पाय जातो. पावलावर नाडी लागली तरी धमनीचं आतलं अस्तर चिरलेलं असू शकतं. म्हणून घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडायचा, गुणोत्तर ०.९ च्या खाली गेलं की सीटी अँजिओग्राफी. ती आमच्या गावात होत नाही. अशा वेळी मी एमआरआयची चिठ्ठी लिहीत बसत नाही, आधी अँब्युलन्स बोलावतो.