न्हावा शेव्याला ऐकलेली आजी

हाय-फायचं वेड असलेल्या माणसाने रविवारी न्हावा शेव्याला का जावं? तिथे ना मॉल, ना चौपाटी. आहेत ते कंटेनर. लाल, निळे, गंजलेले, एकावर एक रचलेले!

पण मी गेलो. घरी अ‍ॅम्प्लिफायर होता, स्पीकर होते, नव्हता तो स्ट्रीमर. म्हणजे वाय-फायवरून गाणं घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला देणारी छोटी डबी. तीन महिने नुसते रिव्ह्यू वाचून डोकं भणभणलं होतं. शेवटी बंदरात क्लिअरिंगचं काम बघणारा कॉलेजचा मित्र वैतागला, "अरे, जासईला घरी ये. ऐक, जेव आणि मग काय ते ठरव!"

शिवडीला अटल सेतूवर गाडी घातली. २१.८ किलोमीटरचा पूल, उजवीकडे घारापुरी, पुढे बंदराच्या उंच क्रेन. न्हावा आणि शेवा ही खरं तर दोन गावं. १९८९ मध्ये बंदर सुरू झालं आणि दोघांचं मिळून एकच नाव जगभरच्या जहाजांच्या कागदांवर गेलं.

"माझा स्ट्रीमरपण इथेच उतरणार ना?" मी ऐटीत विचारलं.

मित्र हसला. "तुझी डबी बहुतेक विमानाने सहारला उतरेल. इकडे वजनदार माल!"

डबीत काय बघायचं?

त्याच्या हॉलमध्ये दोन स्ट्रीमर होते. एक विम प्रो, दुसरा रास्पबेरी पायवर त्याने स्वतः जुळवलेला. तासभर आम्ही तेच गाणं आलटून पालटून ऐकलं. खरं सांगू? डोळे मिटले की मला फरक कळत नव्हता! सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. तेवढं आज साधी डबीसुद्धा नीट देते. स्पॉटिफायनेही २०२५ मध्ये लॉसलेस आणलं. मग एवढे पैसे कशाला ओतायचे?

"आवाज सोड," मित्र म्हणाला. "तू वापरतोस ती सर्व्हिस डबीतच चालते, की दर वेळी फोनवरून पाठवावी लागते, ते बघ. आणि कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला तर काय उरतं, तेही बघ."

मुद्दा बिनतोड होता. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स बनवणं २०१२ मध्ये थांबवलं आणि २०२४ मध्ये त्याची ऑनलाइन सेवाही बंद केली. ज्यांची गाणी घरच्या कॉम्प्युटरवर होती, त्यांचे स्क्वीझबॉक्स मात्र वाजत राहिले.

आणि मग ती कॅसेट...

जेवण झाल्यावर मित्राने रास्पबेरी पायला पेनड्राइव्ह लावला. आधी खरखर, मग कुठेतरी रडणारं पोर, आणि त्यातून वर आलेला एका बाईचा खणखणीत आवाज. वाद्यं नाहीत, काही नाही. त्याची आजी धवलारीण होती. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी. आत्याच्या लग्नात, बंदर सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी, कुणीतरी टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलं होतं.

आतल्या खोलीतून त्याचे वडील बाहेर आले. आयुष्य मिठागरात गेलेला माणूस. काही बोलले नाहीत, स्पीकरजवळ खुर्ची ओढून बसले. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "आय हाय ती. पुन्ना लाव."

पुन्हा लावलं. तीनदा.

जेवायला बसण्याआधी मित्राने मला गाव दाखवलं होतं. दि. बा. पाटील याच जासईचे. जानेवारी १९८४ मध्ये सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध इथले शेतकरी उठले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. आत्याच्या लग्नाचा मांडव जिथे पडला होता, तिथे आता ट्रेलर उभे राहतात. तो मांडव उरलाय फक्त त्या फाइलमध्ये. आणि ती फाइल कुठल्याच अ‍ॅपवर सापडणार नाही!

म्हणून मंडळी, माझी यादी आता एका ओळीची आहे. भाड्याची लाखो गाणी सगळेच वाजवतात. माझी स्वतःची चार गाणी इंटरनेटशिवाय कोण वाजवतं? विम प्रोला पेनड्राइव्ह लावायची सोय नाही, फाइल घरच्या नेटवर्कवरून द्यावी लागते. विम अल्ट्रा आणि ब्ल्यूसाउंड नोडला यूएसबीची सोय आहे. रास्पबेरी पायला आहेच, फक्त थोडी खटपट करायची तयारी हवी.

मी अजून डबी घेतलेली नाही. परतल्यावर आधी माळ्यावर चढलो. आईच्या भजनी मंडळाच्या अकरा कॅसेट सापडल्या, दोन बुरशी लागलेल्या. पहिला खर्च त्यांच्यावर. स्ट्रीमर पुढच्या महिन्यात आला तरी चालेल, टेप मात्र तोवर थांबेलच असं नाही.

कसं जाल? नेरुळ किंवा बेलापूरहून उरण लोकल. या मार्गावर न्हावा शेवा नावाचं स्टेशनच आहे. गाडीने अटल सेतूवरून चिर्ले, तिथून जासई जवळच. बाइक असेल तर सेतूवर प्रवेश नाही. बंदरात मात्र परवान्याशिवाय सोडत नाहीत, क्रेन बाहेरूनच बघा!