दिवेघाटासाठी बॅग भरताना

ज्येष्ठ वद्य एकादशीला ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातला मुक्काम हलवून सासवडकडे निघते. आळंदी-पंढरपूर वाटेवरचा हा सर्वांत लांबचा टप्पा. तीस किलोमीटरच्या आसपास चाल, आणि शेवटाकडे दिवेघाटाची चढण. हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवड रस्त्याला वळते. पुण्यातले निम्मे हौशी फोटोग्राफर त्या दिवशी या दुसऱ्या रस्त्यावर असतात आणि आदल्या रात्री त्या सगळ्यांच्या घरी पलंगावर लेन्सा मांडलेल्या असतात.

आमच्याकडे हा कार्यक्रम दादा आणि मी मिळून करतो, म्हणजे भांडतो. दादाची यादी ठरलेली : दोन बॉड्या, एकीवर ७०-२००, दुसरीवर २४-७०, बॅगेत १६-३५, आणि १५०-६०० 'असू दे'. एफ २.८ची ७०-२०० एकटीच दीड किलोच्या घरात जाते, १५०-६०० दोन किलोच्या. त्यावर ट्रायपॉड, पाणी, छत्री. मी म्हणते, "अरे दादा, तू वारीला चाललायस की अभयारण्यात?" त्याचं उत्तर दरवर्षी तेच, "अगं, पण लागली तर?"

या 'लागली तर'ला माझ्याकडे एकच उत्तर आहे : आधी उभं कुठे राहणार ते ठरव. लेन्स त्यानंतर आपोआप ठरते. बहुतेक लोक उलटं करतात. सगळं घेऊन जातात आणि तिथे गेल्यावर जागा शोधत बसतात. तोवर रथ पुढे गेलेला असतो.

दादाची जागा घाटाच्या वरच्या वळणावर. तिथून खालची वळणं माणसांनी भरलेली दिसतात, पताका दिसतात, पायथ्याचा मस्तानी तलाव दिसतो आणि जादा बैलजोड्या लावून वर ओढला जाणारा रथ दिसतो. त्या फोटोला लांब लेन्स लागतेच. वळणं एकावर एक रचल्यासारखी दिसतात ती लेन्सची करामत समजली जाते. खरं तर ती अंतराची करामत आहे. लांबून पाहिलं की मागचं-पुढचं जवळ आल्यासारखं वाटतं. लेन्स फक्त त्यातला हवा तेवढा तुकडा कापून देते. म्हणून पुढे सरकून छोट्या लेन्सने तो फोटो होत नाही. हे दादाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. आईच्या हॉलमध्ये लावलेला घाटाचा फोटो त्याचाच आहे, आणि तसा मला कधीच मिळणार नाही, कारण त्या वेळी मी त्या फोटोतल्या ठिपक्यांपैकी एक असते.

माझी जागा दिंडीत. रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात, मागे त्याहून कितीतरी जास्त. दिंडीत शिरलात की समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो. दादाच्या ७०-२०० लेन्सला फोकस करायलाच मीटरभराच्या वर अंतर लागतं. म्हणजे ती तिथे गळ्यात अडकवलेलं लोढणं. मी नेते ती ३५ मिलिमीटरची प्राइम लेन्स, तीनेकशे ग्रॅमची, फुलफ्रेम बॉडीवर. तिच्यात टाळकऱ्याचा चेहराही मावतो, त्याचे टाळ आणि शेजारच्याचा मृदंगही. १६-३५ मी काही काळ वापरली. कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे ताणले जातात. ज्यांच्याबरोबर चालतोय त्यांना असं वेडंवाकडं करणं मला बरं वाटेना.

याच वारीची दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघावीत. उद्धव ठाकरे यांचं 'पहावा विठ्ठल' आकाशातून काढलेल्या फोटोंचं, तर संदेश भंडारे यांचं 'वारी : एक आनंदयात्रा' माणसांत मिसळून काढलेल्यांचं. रस्ता तोच, आषाढीची ओढ तीच, पण एकात माणसांचा प्रवाह दिसतो आणि दुसऱ्यात माणसं दिसतात. कोणतं चांगलं हा प्रश्नच मला फजूल वाटतो. पण एका दिवसात एका खांद्यावर दोन्ही आणायचा हट्ट मात्र वेडेपणाचा आहे.

दुसरी बॉडी, दुसरी लेन्स मी टाळते त्यामागे आणखी एक कारण आहे. वारीत लेन्स बदलणं हे काम उघड्यावर करण्यासारखं नाही. पावसाची भुरभुर असते. ती नसेल तेव्हा धूळ असते. आणि बुक्का तर असतोच. कपाळाला लावायला आलेला हात मोकळेपणाने लावतो, आणि ती काळी पूड लेन्सच्या माउंटमधून आत गेली की सेन्सरवर ठिपके बसतात. फोटोत आभाळ जितकं मोकळं तितके ते उठून दिसतात. त्यामुळे घरून लावलेली लेन्स घरी आल्यावरच निघते.

पावसासाठी महागडी कव्हरं मिळतात. मी हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप आणि एक रबरबँड ठेवते. लेन्सला हूड मात्र हवाच, उन्हासाठी नव्हे, थेंबांसाठी. एसी गाडीतून उतरलात तर काचेवर वाफ धरते, ती जाईपर्यंत थांबावं, पुसत बसू नये. जादा बॅटरी आणि कार्ड कमरेच्या पाऊचमध्ये. ट्रायपॉड नकोच. गर्दीत त्याचे पाय लोकांच्या पायात येतात, आणि अनवाणी चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्यात अडकून पडताना बघायची माझी तयारी नाही. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, तो विषय तिथेच संपला.

हलक्या बॅगेचा खरा फायदा हात मोकळा राहतो हा. वडकीच्या विसाव्याला माझ्या शेजारी एक आजी टेकल्या होत्या. निघायची वेळ झाली तशा उठल्या, पदर खोचायचा होता, तर डोक्यावरचं तुळशीवृंदावन सरळ माझ्या हातात दिलं. "धर गं माउली जरा." मी धरलं. त्यांनी पदर खोचला, केस नीट केले, वृंदावन परत घेतलं आणि माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढ्याशा डब्यात आम्ही मावतो व्हय?" मग घाट चढेपर्यंत त्या पुढे, मी मागे. वाटेत कुणी उपवासाचा राजगिऱ्याचा लाडू दिला, कुणी केळं. घ्यायला हात लागतो. दोन बॉड्या लटकवलेल्या माणसाला कुणी वृंदावन धरायला देत नाही. त्याच्यासाठी लोक वाट करून देतात, आणि वाट करून दिली की समोरचा क्षण संपला.

एक तक्रार मात्र दरवर्षी ऐकते : पाऊस आला की वारकरी निळ्या-गुलाबी प्लॅस्टिकची इरली पांघरतात आणि 'फ्रेम खराब होते'. माणूस भिजत चाललाय आणि आपल्याला पांढरं धोतर-सदराच हवा! ते प्लॅस्टिक आजच्या वारीचाच भाग आहे, आणि ढगाळ उजेडात ते रंग किती सुंदर येतात ते एकदा नीट बघावं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लेन्स विकत किंवा भाड्याने आणण्याच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ दिवसाउजेडी दिंडीत चालायला पुरते. घाटाचा वरून फोटो हवाच असेल तर एक लांब लेन्स घ्या आणि बाकी सगळं घरी ठेवा. पालखीच्या दिवशी दिवेघाट वाहनांना बंद असतो, वाहतूक दुसरीकडे वळवलेली असते. त्यामुळे वरच्या वळणावर जाणाऱ्यालाही सामान स्वतःच्या पाठीवर न्यावं लागतं. तेव्हा आदल्या रात्री बॅग भरून झाली की ती पाठीला लावून चार मजले चढून या, आणि मगच चेन लावा.