शब्दांची जोखीम

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मी स्थलांतरितांची वकिली करतो. माझे अनेक अशील केवळ स्पॅनिश जाणतात. मला ती भाषा अवगत नाही. पेढीची भिस्त मुनिमावर असावी, तशी माझी भिस्त कार्यालयातील साहाय्यक बाईंवर आहे.

आश्रयाचा अर्ज सामान्यतः देशात आल्यापासून १ वर्षाच्या आत करावा लागतो. परभाषेतील कागदाचा इंग्रजी अनुवाद पूर्ण व अचूक असल्याचे अनुवादकाला स्वतः प्रमाणित करावे लागते. एकदा एका अशिलाच्या भावाने जबानीत आणखी एक धमकी घालण्याची गळ घातली. बाईंनी शांतपणे नकार दिला. लेखी व तोंडी जबानीत तफावत आढळली, तर न्यायाधीश खऱ्या दुःखावरही अविश्वास दाखवू शकतात. मग मायदेशी परत पाठवणी होऊ शकते.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या ५ अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटे लेखन, आणि साकारमंत्रभेद, म्हणजे दुसऱ्याचे गुपित फोडणे, यांची गणना आहे. बाई जैन नाहीत; तरीही या दोन्हींपासून त्या कटाक्षाने दूर राहतात. दागिन्यांची जोखीम सांभाळणाऱ्याला आपण मान देतो. परक्याचे शब्द जसेच्या तसे सांभाळणाराही त्याच मानाचा धनी आहे.