टाक्यांच्या आत

जुन्या नाशकात आमच्या गल्लीत एखादी बाई ऑपरेशन करून घरी आली की शेजारपाजार तिला पाहायला जातो. कुणी शोरबा नेते, कुणी मोसंबी. आमची खाला गर्भपिशवीचे ऑपरेशन करून आली तेव्हा शोरबा तसाच भांड्यात राहिला. तिला ताप होता, पोट दुखत होते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे पुन्हा नेले. "टाके नवे आहेत, दुखणारच," म्हणाले. गोळ्या दिल्या. आम्ही चार महिने गोळ्या आणत राहिलो.

शेवटी दुसऱ्या दवाखान्यात सीटी स्कॅन झाले, पोट पुन्हा उघडावे लागले. आतून कापडाची घडी निघाली. ऑपरेशनच्या वेळी रक्त टिपायला वापरतात, तिला मॉप म्हणतात, हे आम्हाला त्या दिवशी कळले. खाला वाचली, पण आतड्याचा तुकडा काढावा लागला.

खालू म्हणाले, "अल्लाह की मर्जी. जान बची, शुक्र करो."

शुक्र तर आम्ही केलाच. पण रात्री झोप येईना. आजार त्याने दिला, कबूल. घडी मोजायची राहिली, तीही त्याच्याच खात्यावर घालायची?

कारण मोजायची रीत आहे. ऑपरेशन सुरू होण्याआधी मॉप मोजायचे, पोट शिवण्याआधी पुन्हा मोजायचे, आकडा लिहायचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली ऑपरेशनसाठी 19 मुद्द्यांची एक यादी काढली, त्यात ही मोजणी आहे. ते काम पाहणारे सर्जन अतुल गावंडे. त्यांचे वडील आपल्या महाराष्ट्रातल्या उटी गावचे. जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. ऑपरेशननंतरचे मृत्यू शंभरात दीडवरून एकाच्याही खाली आले. यंत्र नाही, औषध नाही, फक्त मोठ्याने विचारायचे आणि लिहायचे.

आमच्या वकीलसाहेबांनी जुना निकाल काढून दाखवला. 1963 च्या जुलैत औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाळंतिणीचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झाले. ताप चढला, पोट दुखू लागले. सहा दिवसांनी पोट उघडले तर आत मॉप. त्याच महिन्यात ती गेली. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये दिले, हायकोर्टाने तो निकाल फिरवला आणि सुप्रीम कोर्टाने 1996 साली पुन्हा त्याच्या बाजूने दिला. मॉप आत राहिला हाच निष्काळजीपणाचा पुरावा, आणि रुग्णालय सरकारी म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत, असे कोर्ट म्हणाले. तेहतीस वर्षे! आईविना राहिलेली पोरे तोवर केवढी झाली असतील.

आता ग्राहक आयोग आहे. 1995 च्या निकालापासून पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो. जिथे सगळ्यांनाच सारे मोफत, ते रुग्णालय त्यात येत नाही. तिथे दिवाणी दावाच लावावा लागतो. दवाखान्याला पाच लाखांपर्यंत पैसे भरले असतील तर जिल्हा आयोगात तक्रारीला फी पडत नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, आणि ती फार बोचरी. गोव्याच्या एका नर्सच्या पोटात 1993 च्या ऑपरेशनचा गॉजचा तुकडा 2002 साली सापडला. सापडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिने तक्रार केली. तरी 2010 साली सुप्रीम कोर्टाने ती मुदतबाह्य ठरवली. नऊ वर्षे दुखत होते, तू स्वतः नर्स, गोळ्या खाऊन गप्प का बसलीस, असा त्या निकालाचा सूर. आम्हाला तो कठोर वाटतो. पण वाचताना आमच्या गोळ्यांच्या चार महिन्यांची आठवण झालीच.

कागद मागायला गेलो तर आज साहेब नाहीत, उद्या क्लार्क नाही. मग लेखी अर्ज देऊन पोच घेतली. अर्ज केल्यापासून 72 तासांत कागद द्यावेत असा डॉक्टरांसाठी 2002 पासून नियम आहे, हे त्यात लिहिले. कागद मिळाले. मोजणीच्या रकान्यात लिहिले होते: आधी दहा, नंतर दहा, बरोबर.

तो कागद आम्ही खालाला वाचून दाखवला. ती बराच वेळ बोललीच नाही. तिची अडचण वेगळी होती. याच डॉक्टरांनी तिच्या लेकीच्या बाळंतपणाचे पैसे घेतले नव्हते. मोहल्ल्यात त्यांना दुवा देणारे पुष्कळ. खालूंना तर दुखण्याचे पैसे घेणेच लाजिरवाणे वाटत होते. आम्ही आतड्याच्या ऑपरेशनचे बिल त्यांच्यापुढे ठेवले. त्यासाठी खालाच्या बांगड्या गेल्या होत्या.

वकीलसाहेब तक्रारीचा कागद घेऊन घरी आले तेव्हा खालाने एवढेच विचारले, "डॉक्टरसाब को जेल तो नहीं होगी ना?"

त्यांनी समजावले, आयोग भरपाई देतो, तुरुंगात घालत नाही. फौजदारी खटला वेगळा. 2005 च्या निकालानुसार त्याला फार मोठा निष्काळजीपणा लागतो आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे लागते. आपण तो करत नाही.

खालाने चष्मा मागितला. पोटावर एक हात धरून ती उठून बसली आणि उर्दूत, सावकाश, सही केली.